रुंद वरंबा, मुरतं पाणी
हल्ली पाऊस दोन दिवस धो-धो कोसळतो आणि मग लांब उघडीप देतो. एका हेक्टरवर 50 मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे तब्बल 5 लाख लिटर पाणी! ते शेतात मुरवायचं, तर काळ्या जमिनीत सोयाबीन उताराला आडवं, रुंद वरंबा-सरी पद्धतीनं पेरा. बीबीएफ म्हणजेच रुंद वरंबा-सरी यंत्रानं वरंबा, सरी आणि पेरणी एकाच वेळी होते. सरीला हलका ढाळ ठेवा. उघडिपीत मुरलेली ओल पिकाला तगवते. अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून निघून जातं. काढणीनंतर काडीकचरा जाळू नका, शेतातच कुजवा. सेंद्रिय कर्ब वाढला की जमीन ओल जास्त दिवस धरते. बीबीएफ यंत्रासाठी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे पेरणीआधीच चौकशी करा.