"रीस्टार्ट करून बघ" म्हणण्याआधी

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एकमेकांना जोडलेल्या कॉम्प्युटरांबद्दल. म्हणजे शाळेची लॅब, पतसंस्था, सीएचं ऑफिस, असं कुठलंही ठिकाण घ्या. आठ-दहा मशीन, मध्ये एक स्विच, एक राऊटर, आणि कोणीतरी ओरडतंय, "नेट गेलं!" मी बीटेक केलंय, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. गावाकडच्या लोकांच्या हिशेबी याचा अर्थ असा, की मला प्रिंटरपासून सेट-टॉप बॉक्सपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं. येत नाही. मी कोड लिहिते. पण फोन येतात आणि मी सल्ले देते. आज माझ्याच एका चुकीच्या सल्ल्याबद्दल सांगणार आहे.

आमचं गाव डिंभ्याजवळ. पुणे-नाशिक हायवेवरून मंचरला वळायचं, मग घोडेगाव, शिनोली, डिंभे. तोच रस्ता पुढे भीमाशंकरला जातो. घोड नदीवरचं धरण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी भीमाशंकरला जाताना पाहिलं असेल. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, ते आमच्याच तालुक्यातले, महाळुंगे पडवळचे. आणि ज्या आंबेगाववरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं आंबेगाव या पाण्याखाली आहे. धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे, तरी पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते ती जातेच. या शेवटच्या वाक्याचा पुढे उपयोग आहे, लक्षात ठेवा.

तर तिथल्या एका शाळेत आठ मशीनची खोली आहे. कुठली शाळा ते सांगत नाही, त्याची गरजही नाही. माझा चुलतभाऊ तिथे ऑपरेटर. जुलैत त्याचा फोन आला, "ताई, नेट सारखं जातंय. सकाळी चालतं, अकरानंतर बोंब. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचेत, तारीख जवळ आलीय."

मी मीटिंगच्या मधल्या पाच मिनिटांत होते. म्हणाले, "राऊटर आणि सगळी मशीन बंद कर, दोन मिनिटं थांब, सगळं एकदम चालू कर."

त्याने केलं. आधी तीन मशीन बंद होती, आता आठही बंद. परत फोन. मी म्हणाले, "परत कर." परत केल्यावर पाच चालली. आम्ही दोघं खूश. दुसऱ्या दिवशी तेच. असं चार दिवस चाललं. अर्जाची शेवटची तारीख शुक्रवारी होती, मी शनिवारी गावी पोचले. तोवर भावाने रात्री थांबून, कधी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, बहुतेक अर्ज भरले होते. दोन मुली वडिलांबरोबर एसटीने घोडेगावला जाऊन भरून आल्या. भाताच्या आवणीचे दिवस, घरातल्या माणसाचा रोज बुडाला. आणि एका मुलीचा अर्ज राहिला. तिचं गाव जलाशयाच्या पलीकडच्या अंगाला. ती दोनदा येऊन परत गेली, तिसऱ्यांदा आली नाही.

हे माझ्या सल्ल्यामुळे झालं का? पूर्ण नाही. पण बराचसा भाग माझा आहे, आणि तो कसा ते ऐका. तांत्रिकदृष्ट्यासुद्धा मजेशीर आहे.

शनिवारी गेल्यावर मी आधी काय केलं? पुण्याहून आलेला माणूस करतो तेच. फायबरला दोष दिला. भिंतीवरच्या डब्यातला 'लॉस' नावाचा दिवा बघितला. तो लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून उजेड येत नाहीये, कुठेतरी तुटलंय. दिवा लाल नव्हता. तरी मी कस्टमर केअरला चाळीस मिनिटं धरून बसले. नंतर एका मशीनवर विंडोज नव्याने टाकायला घेतलं! दुपार गेली.

खोली झाडायला मावशी आल्या. त्या म्हणाल्या, "अगं बाई, ते सर आले की जातंय. सर घरी गेले की येतंय."

मला हसू आलं. सर आणि नेट यांचा काय संबंध? पण आमच्या धंद्यात एक प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा असतो, तो मी चार दिवसांत एकदाही विचारला नव्हता. 'बंद पडायच्या आधी काय बदललं?' भावाने बदललं नव्हतं काहीच, म्हणून तो सांगत नव्हता. मावशींनी रोज पाहिलं होतं, पण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

शनिवारी सर शाळेतच होते. मी दोन मशीन शेजारी-शेजारी घेतली, एक चालणारं, एक बंद. दोन्हीवर काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' टाइप केलं. चालणाऱ्याचा गेटवे १९२.१६८.१.१, म्हणजे आमचा राऊटर. बंद असलेल्याचा गेटवे १९२.१६८.०.१. हा कोण? अशा पत्त्याचं यंत्र आमच्या खोलीत नव्हतंच.

ते शिक्षकांच्या खोलीत होतं. सरांनी घरचा जुना राऊटर आणून तिथल्या भिंतीतल्या लॅनच्या पॉइंटला जोडला होता, त्या खोलीत वायफाय पोचत नाही म्हणून. हेतू चांगलाच. वायर मात्र राऊटरच्या लॅनच्या भोकात. आणि विजांच्या भीतीने सर घरी जाताना आठवणीने तो बंद करायचे, अकराला आले की चालू.

आता यात काय होतं बघा. मशीन चालू झालं की ते नेटवर्कवर ओरडून विचारतं, "मला कोणी पत्ता देता का?" हे पत्ते वाटायचं काम डीएचसीपी करतं, आणि ते प्रत्येक घरगुती राऊटरमध्ये आधीपासून चालू असतं. त्यामुळे आमच्या नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोन झाले. जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता मशीन घेतं. आमच्या राऊटरचा मिळाला तर नेट चालतं. सरांच्या राऊटरचा मिळाला तर मशीन सगळं बाहेर जाणारं टपाल त्या राऊटरकडे देतं, आणि त्याच्याकडे बाहेर जायचा रस्ताच नाही. एकदा मिळालेला पत्ता मशीन काही तास सांभाळतं, म्हणून सकाळी लवकर चालू केलेली मशीन अकरानंतरही चालायची. उशिरा चालू केलेली, किंवा लाईट जाऊन परत आलेली मशीन अडकायची.

म्हणजे माझा 'रीस्टार्ट कर' हा सल्ला काय होता? चालणाऱ्या मशीनला धरून पुन्हा छापा-काटा करायला लावणं. त्यात मी मुख्य राऊटरही एकदम चालू करायला सांगितलं. त्याला उठायला दीड-दोन मिनिटं लागतात, तोवर मशीन विचारून मोकळी, आणि उत्तर द्यायला फक्त सरांचा राऊटर जागा. आठही मशीन बंद पडली ती यामुळे. दुसऱ्यांदा पाच चालली, म्हणून आम्हाला वाटलं उपाय लागू पडतोय. कधीकधी चालणारा उपाय हा कधीच न चालणाऱ्यापेक्षा वाईट. तो तुम्हाला शोधायला देत नाही.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. सरांचा राऊटर काढून टाकला नाही. त्यातलं पत्ते वाटणं बंद केलं, त्याला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला (हा पत्ता मुख्य राऊटर दुसऱ्या कोणाला वाटत नाही ना, ते आधी बघून घ्या), वायर लॅनमध्येच ठेवली. आता तो नुसता वायफाय देतो. सरांना वाईट वाटलं. मी त्यांना म्हटलं, "सर, तुमच्या फोनवर तरी नीट चालत होतं का?" ते म्हणाले, "नाही हो, मला वाटायचं लॅबमधला बिघाड माझ्याकडे पण येतोय."

तरी दोन मशीन हट्टाला पेटलेली. पत्ता बरोबर, पिंग जातंय, पण कुठलीही साइट उघडली की 'कनेक्शन सुरक्षित नाही'. खाली कोपऱ्यात घड्याळ पाहिलं, तर तारीख कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो, तो संपला होता. लाईट गेली की मशीन तारीख विसरायचं. साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवात आणि शेवट अशा तारखा असतात. तुमचं घड्याळ मागच्या काळात असेल तर ब्राउझरला ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नसतं. फरक फार मोठा असला की विंडोज आपणहून घड्याळ लावतही नाही. सेल घोडेगावात मिळाला, चहा-वड्याच्या पैशात.

मग तुम्ही काय करायचं? मी आता फोनवर या क्रमाने विचारते. केबल जिथे खोचली आहे तिथला दिवा लागतोय का? नसेल तर वायर, पिन किंवा उंदीर. आयपीकॉन्फिगमध्ये पत्ता काय दिसतो? १६९.२५४ने सुरू होत असेल तर मशीनला पत्ता देणारा कोणी भेटलाच नाही, त्याने स्वतःच ठेवून घेतलाय. शेजारच्या चालत्या मशीनशी गेटवे जुळतो का? गेटवेला पिंग जातं का? मग ८.८.८.८ला जातं का? तिथे जातं पण साइटचं नाव टाकलं की उघडत नाही, तर बिघाड डीएनएसमध्ये. घड्याळ बरोबर आहे का? एवढं कळलं की मग रीस्टार्ट करा, माझी हरकत नाही. आधी केलंत तर पुरावा पुसला जातो.

अजून एक, खास आपल्या डोंगराकडच्यांसाठी. दोन इमारतींमध्ये बाहेरून तांब्याची लॅन केबल टांगू नका. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तरी त्या तारेतून दाब येतो आणि स्विचचे पोर्ट जळतात. इमारती जोडायच्या तर फायबर टाका, काचेतून वीज जात नाही. आणि तांब्याची मर्यादा १०० मीटर आहे, "थोडं जास्त चालतं" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आता लाईट जाण्याबद्दल सांगायचं राहिलं होतं. २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये घुसला. आपल्या न्हावा शेवा बंदरात त्या समूहाचं टर्मिनल आहे, तेही अडकलं. विंडोजमधल्या ज्या भोकाचा त्याने फायदा घेतला, त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पण पॅच केलेली मशीनही पडली, कारण तो एका मशीनच्या मेमरीतून ॲडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि तोच पासवर्ड घेऊन पुढच्या मशीनचं दार उघडायचा. कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर दावोसला सांगितलं, की त्यांना दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. आणि सगळ्या नेटवर्कची यादी ठेवणारे जे मुख्य सर्व्हर असतात, त्यांची एकच धड प्रत उरली होती, घानामध्ये. का? तिथे लाईट गेली होती, म्हणून तो सर्व्हर त्या वेळी नेटवर्कवर नव्हता!

आमच्या लॅबमध्ये आठही मशीनचा पासवर्ड एकच होता, आणि तो होता 'ॲडमिन'. मुलांचे दाखले, फोटो, सगळं एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये, कोणीही काहीही पुसू शकेल असं. आता प्रत्येक मशीनचा ॲडमिन पासवर्ड वेगळा आहे, वहीत लिहून कपाटात. मुलं साध्या खात्यावर बसतात. दर शनिवारी फोल्डरची प्रत एका हार्डडिस्कवर जाते आणि डिस्क काढून ठेवली जाते. ती कायम जोडून ठेवलीत तर व्हायरसच्या दृष्टीने ती अजून एक फोल्डर आहे. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यातली पाच मशीन अजून त्यावरच आहेत. त्याचं काय करायचं हे पैशाचं प्रकरण आहे, त्यावर वेगळा भाग करू.

भावाने स्विचच्या वर पुठ्ठ्याचा तक्ता लावलाय. कुठली वायर कुठल्या मशीनची, राऊटरचा पत्ता काय, आणि खाली तारीखवार कोणी काय बदललं. पहिली नोंद सरांच्या अक्षरात आहे. मावशींनाही विचारायचं, असं मी सांगून आलेय, पण ते तक्त्यावर लिहिलेलं नाही.

त्या मुलीकडे भाऊ जाऊन आला. पुढच्या वर्षीचा अर्ज सुरू होईल त्या पहिल्याच दिवशी तिचा भरायचा, असं ठरलंय. हे वर्ष मात्र गेलं.

तुमचे प्रश्न जरूर पाठवा. पाठवताना 'नेट चालत नाही' एवढंच लिहू नका. दिवा कुठला लागलाय, आयपीकॉन्फिगमध्ये काय दिसतंय, आणि शेवटचं चाललं त्यानंतर खोलीत कोण काय घेऊन आलं, हे तीन लिहा. परवा भावाचा फोन आला होता. "ताई, लॉसचा दिवा लाल आहे, मशीनचे पत्ते बरोबर आहेत, आणि शिनोलीच्या अलीकडे रस्त्याला जेसीबी लागलाय." मी म्हटलं, मग मला कशाला फोन केलास? तर म्हणाला, "सांगायला."