सरासरी उंचीचं मूल
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, 'दहा मिनिटं दे, कॉम्प्युटरवर काहीतरी बोल.' कॉम्प्युटर आता तुमच्या नातवंडांनाही माझ्यापेक्षा बरा येतो. म्हणून मी गणिताच्या एका तासाबद्दल बोलणार आहे.

आठवतंय का बघा. संख्याशास्त्राचं प्रकरण सुरू होणार होतं. मध्य, मध्यक, बहुलक हे शब्द फळ्यावर लिहायच्या आधी बाईंनी आम्हाला वर्गामागच्या भिंतीला उभं केलं आणि पट्टी डोक्यावर टेकवून एकेकाची खूण केली. हजेरीपटाच्या क्रमाने उंची फळ्यावर गेली. सरासरी आली १४९.६ सेंटिमीटर. बाई म्हणाल्या, "ज्याची उंची १४९.६ आहे त्याने उभं राहा." कोणीच उठलं नाही. तेव्हा बाई म्हणाल्या, "ही उंची वर्गाची आहे, वर्गातल्या कोणाचीच नाही."

सगळ्यांत खालची खूण माझी होती, १३६. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "बाई, हिला वगळा, सरासरी वाढेल!" (कोण ते मला माहीत आहे. तो आज पहिल्या रांगेत बसलाय.) बाईंनी १३६ भोवती खडूने गोल केला आणि म्हणाल्या, "हिला वगळून काढलेली सरासरी तुमच्या वर्गाची राहणार नाही." मला त्या दिवशी फक्त लाज वाटली होती. त्या वाक्याचा अर्थ कळायला वीस-बावीस वर्षं गेली.

आपल्यातलीच एक मैत्रीण नर्सिंग कॉलेजात शिकवते. तिच्या आग्रहावरून गेली तीन वर्षं मी शनिवारी तिथल्या मुलींना संख्याशास्त्राची ओळख करून देते. गणिताला घाबरून इकडे आलेल्या बऱ्याच जणी असतात. पहिल्या तासाला मी त्यांना पाच रुग्णांचे दवाखान्यातले दिवस देते: २, ३, ३, ४ आणि ३८. बेरीज ५०, सरासरी १० दिवस. आता नातेवाईक विचारतात, "सिस्टर, किती दिवस लागतील?" त्यांना १० सांगायचे? पाचांतला एकही जण १०च्या जवळपास नाही. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या. तो आहे ३. हाच आपला मध्यक. पण ३८ दिवस राहिलेल्या त्या माणसाचं काय झालं, हे विचारायला विसरू नका, असंही मी सांगते.

हे सांगण्याचा अधिकार मला एका चुकीने दिला. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटात मी काम करत होते. वॉर्डमधल्या रुग्णांची रक्तातली साखर एका पडद्यावर दिसावी, असं काम माझ्याकडे आलं. पडदा भरून जाऊ नये म्हणून मी दिवसभराच्या मोजण्यांची सरासरी दाखवली. दिसायला सुरेख होतं. चाचणीच्या दिवसांत रात्रपाळीच्या एक सिस्टर वही घेऊन आल्या. एका रुग्णाची नोंद होती: पहाटे तीनला ४८, मग ११०, १९०, २००, १७२ आणि रात्री १२०. बेरीज ८४०, सरासरी १४०. माझ्या पडद्यावर तो हिरव्या रंगात होता. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या आकड्यात हा माणूस ठणठणीत आहे. पहाटे मी याला घामाने डबडबलेला बघितलाय, हात थरथरत होते. साखरपाणी दिलं तेव्हा बोलायला लागला."

साखर ७०च्या खाली गेली की ती कमी समजतात. ४८ म्हणजे धावपळ करायची वेळ. ती सिस्टर पडद्यावर विसंबून राहिली असती तर? त्या ४८मध्ये मला भिंतीवरची माझी खूण दिसली. बाईंनी जिच्याभोवती गोल केला होता, तीच गोष्ट मी पुसून टाकली होती. दुसऱ्या दिवशी पडद्यावर सरासरीशेजारी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त मोजणी वेळेसकट आली.

आकडे सरासरीपासून किती दूर पसरलेत, हे मोजण्यासाठी प्रमाण विचलन असतं. रोज १३० ते १५०मध्ये राहणाऱ्याची सरासरीही १४०च येऊ शकते, पण त्याचं प्रमाण विचलन लहान असतं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी आहाराच्या बाबतीत याच चढउताराकडे लक्ष वेधलं. एकच माणूस रोज सारखं खात नाही, त्यामुळे एखाद्या दिवशी सरासरी गरजेपेक्षा कमी खाल्लं म्हणून त्याला कुपोषित म्हणता येणार नाही, असं ते मांडत. त्यावर वादही झाले. पण सरासरीच्या पलीकडे बघायला त्यांनी भाग पाडलं.

आता शेवटची गोष्ट, घरची. दोन वर्षांपूर्वी आईच्या मॅमोग्राफीत संशयास्पद काहीतरी आलं. पुढच्या तपासणीला आठ दिवस होते. मी कागद घेऊन तिच्याशेजारी बसले. समजा, हजार बायकांनी तपासणी केली आणि त्यांतल्या १० जणींना खरोखर आजार आहे. तपासणी त्यांतल्या ९ जणींना पकडते. उरलेल्या ९९० निरोगी. त्यांतल्या शंभरी १० जणींना ती उगाच 'संशयास्पद' म्हणते, म्हणजे ९९. एकूण १०८ घाबरलेल्या बायका, आजारी फक्त ९. "आई, बारांत एक."

आईने कागद नीट वाचला आणि विचारलं, "आणि ती एक मीच असले तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हजारांबद्दल मी बोलू शकत होते, आईबद्दल नाही. त्या रात्री मी तिच्याच खोलीत झोपले. पुढची तपासणी स्वच्छ निघाली. पण ती बारांतली एक निघाली असती, तरी माझं गणित चुकलं असं झालं नसतं. मुलींना मी हे दोन्ही सांगते. पहिल्या तपासणीने हातपाय गाळू नका आणि बारांत एकच म्हणून पुढची तपासणी टाळूही नका. रुग्णाला आकडा सांगितलात, तर सांगून झाल्यावर थोडा वेळ तिच्याजवळ बसा.

आपण सगळे आता रिपोर्ट काढायच्या वयात आलो आहोत. आपल्या ग्रुपवर सुप्रभातापेक्षा कोलेस्टेरॉल जास्त येतं. कोणताही आकडा आला की तीन प्रश्न विचारा. हा किती जणांवरून काढला? त्यांत कोण वगळलं गेलं? आणि सरासरीच्या आजूबाजूला पसारा केवढा आहे?

बाई, माझी उंची आता १५१ आहे. वर्गाची सरासरी मात्र नव्याने काढावी लागेल. जेवण झाल्यावर सगळ्यांनी मागच्या भिंतीपाशी यावं. पट्टी मी आणली आहे. या वेळी कोणालाही वगळायचं नाही.