कुत्रा जग कसे ओळखतो?



मागे आमच्या आळीत एक प्रकार घडला. एक गडी चार महिन्यांनी मुंबईहून घरी आला. रात्रीची वेळ. अंगात रेनकोट, डोक्यावर टोपी. त्याचाच मोत्या भुंकत त्याच्या अंगावर धावला. गडी काठी उचलणार, तोच म्हातारी आई ओरडली, "अरे, मारू नकोस! उभा राहा, त्याला हुंगू दे." मोत्याने पाय हुंगले आणि पायाशी लोळणच घेतली.

मोत्या धन्याला विसरला होता का? मुळीच नाही. आपण माणूस तोंडावरून ओळखतो. कुत्रा वासावरून ओळखतो.

वास टिपणाऱ्या पेशी कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या आसपास असतात. जातीप्रमाणे कमीजास्त, पण आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त. त्याच्या नाकपुडीला बाजूने चीर असते. सोडलेला श्वास तिच्यातून बाजूला जातो, म्हणून समोरचा वास पुसला जात नाही. कोण आले, केव्हा गेले, हे तो जमीन हुंगून जाणतो. आपण पाटी वाचतो ना, तसेच ते!

कानही तिखट. आवाज म्हणजे हवेची थरथर. सेकंदाला २० हजारांपर्यंत थरथर आपल्याला ऐकू येते, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत. म्हणून उंदरांचे अगदी बारीक आवाज त्याला कळतात, आणि फटाक्यांनी तो बिथरतो.

डोळ्यांचे मात्र निराळे. त्याला निळा आणि पिवळा रंग कळतो. लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. पण अंधुक उजेडात त्याला आपल्याहून बरे दिसते. हललेली वस्तू चटकन नजरेत भरते. म्हणूनच पोर पळाले की कुत्रा मागे लागतो.

आता हे आपल्या काय कामाचे? मुलांना एवढे शिकवा: झोपलेल्या, खाणाऱ्या किंवा पिलांजवळच्या कुत्र्याला हात लावू नये. अंगावर आला तर पळू नये. हात खाली ठेवून स्तब्ध उभे राहावे. डोळ्याला डोळा भिडवू नये.

आणि चावलाच तर? मिरची, चुना, हळद काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटे धुवा. त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस गेले. आता लस दंडात देतात. सांगितलेल्या तारखांना सगळी इंजेक्शने घ्या. मधेच सोडू नका. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस बहुधा वाचत नाही. पण वेळेवर उपाय केला तर रोग टळतो.

कुत्रा आपला राखणदार आहे. त्याची रीत आपण ओळखली, तर आपलीही राखण होईल आणि त्याचीही.