निळूभाऊंचा हिंदुराव आणि आम्ही



कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून बोलण्याची मला सवय आहे. तेथे ऐकणारे आधीच चिडलेले असतात, म्हणून बोलणाऱ्याचे काम सोपे होते. येथे तुम्ही सतरंजीवर शांत बसला आहात, आणि त्यामुळेच मला थोडा घाम फुटला आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे वाचन रात्रपाळीत आणि एस.टी.त बसून झाले. तेव्हा नाट्यशास्त्राची अपेक्षा मजकडून ठेवू नका. एका नटाने मला जे दाखविले तेवढेच सांगतो.

या नटाची आणि माझी गाठ पडली ती याच गावात. पौष पौर्णिमेला आपल्या खांबलिंगेश्वराची जत्रा भरते, बैलांचा बाजार लागतो, घोंगड्यांची दुकाने मांडली जातात, तमाशाचे फड उतरतात. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. वडील बैल पाहावयास आले होते. बैल काही जमला नाही. उरलेल्या पैशांतून त्यांनी मला तंबूतल्या सिनेमाला नेले. चित्र होते ‘सामना’. मला त्यातले फारसे कळले नाही. परत जाताना वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पोरा, हा माणूस माझ्या ओळखीचा आहे.” मी विचारले, “नट?” ते म्हणाले, “नट नव्हे रे. तो साखरवाला. असाच चहा पाजतो, आणि मग अंगठा मागतो.”

तो नट म्हणजे निळू फुले. निळकंठ कृष्णाजी फुले. जन्म १९३० चा, पुण्याचा. घरची गरिबी. सतराव्या वर्षी ते पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात बागेचे माळी म्हणून लागले. पगार ऐंशी रुपये. त्यातले दहा रुपये दरमहा राष्ट्र सेवा दलाला जात. आपली स्वतःची रोपवाटिका असावी हे त्यांचे स्वप्न होते. भांडवलाअभावी ते राहून गेले. पुढे शेकडो बंगल्यांचा मालक पडद्यावर उभा करणारा हा माणूस तरुणपणी दुसऱ्याच्या बागेत खुरपे घेऊन बसत असे, हे ध्यानात ठेवा. बागेत बसलेल्या माळ्याला बंगल्याच्या पायऱ्या खालून दिसतात. साहेब कसा उतरतो, कोणाकडे पाहतो, कोणाकडे मुळीच पाहत नाही, हे माळ्याइतके दुसऱ्या कोणास दिसते?

सेवा दलाच्या कलापथकात ते तयार झाले. १९५७ च्या सुमारास त्यांनी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हे लोकनाट्य स्वतः लिहिले. पु. ल. देशपांड्यांच्या ‘पुढारी पाहिजे’मधील रोंगे लोकांच्या लक्षात राहिला. मग शंकर पाटलांचे ‘कथा अकलेच्या कांद्याची’ आले आणि त्याचे प्रयोग गावोगाव धडाक्याने झाले. त्यातूनच अनंत मान्यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ या १९६८ च्या चित्रपटात झेलेअण्णाची भूमिका मिळाली. तेव्हा निळूभाऊंचे वय अडतीसच्या आसपास. ज्या वयात नायकांची उतरण लागते त्या वयात यांची सुरुवात झाली. गोरा रंग नाही, उंची नाही, सुरेल गळा नाही. आवाज घशात अडकून खरखरत बाहेर येणारा. पण तो आवाज ज्याच्याशी बोलतो त्याला पुढे वाकून ऐकावे लागते, आणि वाकलेला माणूस निम्मा हरलेला असतो. हे मी फाटकावर शिकलो. त्यांनी ते फार आधी ओळखले होते.

त्यानंतर ‘सोंगाड्या’, ‘पिंजरा’ आणि असंख्य चित्रपट झाले. त्यांतल्या पाटील-सरपंचांची यादी मी वाचत नाही. काही भूमिका एकाच साच्यातल्या होत्या. पोटासाठी काम करणाऱ्याला प्रत्येक माल अव्वल काढता येत नाही, हे कामगाराला सांगावयास नको. खेड्यापाड्यांत बायाबापड्या त्यांना खराच दुष्ट समजत, समोर आले तर दूर सरत. हिंदीत ‘कुली’, ‘मशाल’, ‘सारांश’ झाले. पण तेथे त्यांची जमीन नव्हती, असे माझे मत.

रंगभूमीवरचे मोठे काम म्हणजे ‘सखाराम बाइंडर’. विजय तेंडुलकरांचे नाटक, कमलाकर सारंगांचे दिग्दर्शन, साल १९७२. काही प्रयोगांनंतर त्यावर बंदी आली. सारंग हायकोर्टात गेले आणि बंदी उठवून घेतली. प्रयोग पाहण्याचे माझे वय नव्हते. नाटक मी पुढे पुस्तकातून वाचले. वाचताना कानात मात्र निळूभाऊंचाच आवाज होता. हा सखाराम कोण? छापखान्यात पुस्तके बांधणारा कामगार! आमच्यापैकीच एक. मालकापुढे, जगापुढे त्याचे काही चालत नाही. पण टाकलेल्या बायकांना घरी आणून तेथे तो राजा होतो, आपले कायदे सांगतो. आम्ही युनियनवाले सभेत मालकाविरुद्ध गर्जतो आणि खोलीवर गेल्यावर भाकरी करपली म्हणून ताट भिरकावतो. सभेत टाळ्या देणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरी हा सखाराम नांदतो? मी स्वतः ते पुस्तक दोनदा मिटून ठेवले होते.

आता ‘सामना’. डॉ. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, लेखन पुन्हा तेंडुलकरांचे. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात तो स्पर्धेत होता. हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट. सैन्यातून परतलेला मारुती कांबळे त्याच्या गावातून नाहीसा झाला आहे. डॉ. लागूंचा दारुडा मास्तर त्या एका माणसाविषयी विचारत राहतो. हिंदुराव मास्तरला मारत नाही. त्याला तो बंगल्यावर ठेवून घेतो, पाजतो, आपला सारा कारभार प्रेमाने दाखवितो. निळूभाऊंनी हा माणूस दुष्ट म्हणून केलेलाच नाही. त्याला आपल्या कामाचा खरा अभिमान आहे. माळरानावर आपण कारखाना उभा केला, माणसांना रोजगार दिला, मग एका मारुती कांबळेचा एवढा बाऊ कशाला, हे त्याला मनापासून कळत नाही. हा भोळेपणा निळूभाऊंनी डोळ्यांत ठेवला आहे. तो पाहिला की अंगावर काटा येतो.

आज निळू फुले म्हटले की पोरे मान तिरकी करून, घसा खरवडून बाईला वाड्यावर बोलावण्याची नक्कल करतात आणि सारे हसतात. मीही हसलो आहे. पण त्या नकलेने आपण एक सोय करून घेतली. जुलूम म्हणजे तिरकी मान, धोतराचा सोगा आणि वखवखलेली नजर, असे ठरवून टाकले. सोगा नसला की आपण निर्धास्त होतो.

याचा दाखला माझ्याच आयुष्यातला देतो. वीसएक वर्षांपूर्वी एका कारखान्यात कराराची बोलणी चालली होती. सात ठेकेदारी कामगार होते, बहुतेक ठाकर समाजाचे, आणि दोन बाया. त्यांना कायम करावे ही मागणी यादीत तिसरी होती. साहेब तरुण, गोड बोलणारा. त्याने मला केबिनमध्ये बसवले, चहा मागवला, माझ्या वाचनाची चौकशी केली. कारखाना उभा करताना काय हाल सोसले ते सांगितले. मग हलक्या आवाजात म्हणाला, “बाकी सगळे मान्य. तेवढे सातजण पुढच्या करारात पाहू.” मी ऐकण्यासाठी पुढे वाकलो होतो. तीनशे लोकांची पगारवाढ पदरात पडत होती. मी सही केली.

बाहेर आलो तर त्या दोघींपैकी एक फाटकाशी उभी. “भाऊ, आमचं नाव हाय ना कागदात?” तिला काय उत्तर दिले ते आठवत नाही. वडिलांचे शब्द मात्र तेव्हाच आठवले. पुढचा करार व्हायच्या आत सातही जण कामावरून गेलेले होते.

‘सिंहासन’मध्ये, १९७९ साली, हेच निळूभाऊ दिगू टिपणीस हा वार्ताहर झाले. मूळ लेखन अरुण साधूंचे. त्यात डिकास्टा नावाचा कामगारपुढारीही आहे, सतीश दुभाषींनी केलेला, आणि सत्तेचे खेळाडू त्याच्या संपाची सोंगटी करतात. ते चित्र मी एकट्याने पाहिले. सारे पाहून अखेर वेडा होणारा दिगू आणि आत्मसंतुष्ट हिंदुराव हे एकाच नटाचे काम आहे यावर विश्वास बसत नाही. जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मधील अप्पाजीही त्यांचेच, मुख्यमंत्री झालेल्या मुलाच्या राज्यातील अन्यायाशी झगडणारा म्हातारा गांधीवादी. आणि ठाकरांवरच्या ‘जैत रे जैत’मधील त्यांचे काम आपल्या भागातल्या मंडळींनी जरूर पाहावे.

कमाई आल्यावरही ते चळवळीतून उठले नाहीत. डॉ. बाबा आढावांच्या कामात ते होते. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, त्यासाठी डॉ. लागूंबरोबर त्यांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. पडद्यावर गरिबांना नाडणारा नट गरिबांसाठी गावोगाव निधी गोळा करीत हिंडला. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात ते वारले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचा ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ हा चित्रपट त्यांच्या शेवटच्या कामांपैकी.

ती बाई मला गेल्या पौषात जत्रेत भेटली. नातवाला घोंगडी घेत होती. मी ओळख दिली, तिनेही दिली. “बस भाऊ, चहा घे,” म्हणाली. पैसे तिनेच दिले.