छपरावर ऊन, घरात काळोख
(रत्नागिरी जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून मोहोराची, काजू बीच्या भावाची आणि वानरांची चर्चा झाली. आता जेवणाच्या आधी मला इन्व्हर्टरवर बोलायला सांगितले आहे. मी इंजिनियर नाही. दापोली तालुक्यात दीडशे कलमे सांभाळणारा माणूस आहे. पण या एका बाबतीत मी पदरचे पैसे मोजून शहाणा झालो आहे. तुमचे पैसे वाचावेत म्हणून उभा आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी घरावर दोन किलोवॅटच्या सोलर प्लेटा बसवल्या. बिल आठ-नऊशेचे शे-सव्वाशेवर आले. वाडीत मी थोडा भावही खाऊन घेतला. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले. ते काय होते हे दापोली-मंडणगडच्या माणसाला सांगायला नको. बापजाद्यांनी लावलेली कलमे मुळासकट आडवी, पोफळी मधोमध मोडलेल्या, विजेचे खांब शेतात लोळलेले. माझ्या पडवीची कौले गेली, पण प्लेटा जागच्या हलल्या नाहीत. दोन दिवसांनी आभाळ उघडले. छपरावर लखलखीत ऊन, पावसाने धुतलेल्या स्वच्छ प्लेटा, आणि खाली घरात काळोख. दिवा लागेना, विहिरीवरचा पंप चालेना. आमची मंडळी म्हणाली, "एवढे पैसे घालून छपरावर आरसे बसवलेत काय?"

ज्याने संच बसवला त्याला फोन लागायलाच आठ दिवस गेले. लागला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "काका, तुमचा ऑन-ग्रिड आहे. लाइन आल्याशिवाय चालत नाही. कागदावर लिहिलंय." लिहिले होते, खोटे कशाला बोलू? इंग्रजीत, बारीक अक्षरात.

आमच्या वाडीत एकोणीस दिवस वीज नव्हती. त्या एकोणीस दिवसांत वरच्या आळीतल्या तात्यांकडे दोन जुन्या प्लेटा आणि एक बॅटरी होती, तिच्यावर अख्ख्या वाडीचे मोबाइल चार्ज झाले. त्यांच्या संचाला मी आदल्या वर्षी हसलो होतो.

आता हे असे का होते ते नीट समजून घ्या, कारण यात कंपनीची लबाडी नाही. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर महावितरणच्या लाइनचा ताल पकडून चालतो. लाइनचे व्होल्टेज आणि सेकंदाला पन्नास वेळा होणारा फेर पाहून तो आपली वीज तिच्यात मिसळतो. लाइन गेली की दोन सेकंदांच्या आत त्याने बंद पडायचे, असा नियमच आहे. खांबावर चढलेला वायरमन लाइन मेली आहे असे समजून तार हातात धरतो. त्या वेळी तुमच्या छपरावरून तारेत वीज गेली तर तो मेला. आणि हा वायरमन बहुतेक वेळा आपल्याच शेजारच्या गावचा पोरगा असतो. तेव्हा नियम योग्यच आहे. चूक माझी, की मी विकत घेताना "लाइन गेली तर काय?" एवढा एक प्रश्न विचारला नाही.

प्रकार तीन. पहिला हा ऑन-ग्रिड. बॅटरी नाही, म्हणून सर्वांत स्वस्त आणि देखभाल सर्वांत कमी. जास्तीचे युनिट महावितरणच्या खात्यात जमा होतात आणि पुढच्या महिन्यात वळते होतात. ३१ मार्चला उरलेल्या युनिटांना मात्र किरकोळ दर मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवून वीज विकण्याची स्वप्ने पाहू नका. दुसरा ऑफ-ग्रिड, तात्यांचा. प्लेटा, चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि इन्व्हर्टर; लाइनशी संबंध नाही. तिसरा हायब्रीड. लाइन आहे तोवर ऑन-ग्रिडसारखा वागतो. लाइन गेली की तिच्यापासून स्वतःला तोडून घेतो आणि बॅटरी व उन्हावर घराचा निवडलेला भाग चालवतो. वायरमनला धोका नाही, घरातही दिवा. पैसे अर्थात जास्त.

हायब्रीडमध्ये दोन फसगती आहेत. "आता हायब्रीड घ्या, बॅटरी पुढे बघू," असे सांगणारे भेटतात. बॅटरी नसेल तर यातले बहुतेक इन्व्हर्टर लाइन गेल्यावर काहीच देत नाहीत, म्हणजे जास्त पैसे देऊन तुम्ही माझ्याच पंक्तीला येऊन बसलात. दुसरी फसगत वायरिंगची. बॅकअपची तार वेगळी निघते. तिच्यावर कोणते दिवे, कोणते पंखे हे बसवतानाच ठरवायचे असते. सगळे घर तिच्यावर टाकले तर वहिनींनी घरघंटी लावली की सगळेच बंद.

घरातल्या जुन्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरला जोडून ऑन-ग्रिडला फसवून चालू ठेवतो, असे सांगणारे कारागीरही आहेत. त्यासाठी बनवलेली यंत्रे वेगळी असतात. साध्या इन्व्हर्टरवर हा उद्योग केलात तर तो जळेल, आणि जळताना घरही सोबत नेईल.

मग कोणी काय घ्यावे? मुंबईकर चाकरमान्याचे घर गणपती आणि शिमग्यालाच उघडते. तिथे लेड-ॲसिड बॅटरी ठेवू नका. वापराविना, पाण्याविना ती दोन वर्षांत खलास होते. संच घालायचाच असेल तर लहानसा ऑन-ग्रिड घाला. ज्याचे बिल महिना तीनशे आहे त्याने तीन किलोवॅटसाठी कर्ज काढू नये. तात्यांसारखा लहान ऑफ-ग्रिड पुरे. ज्याचे बिल मोठे आहे आणि घरात म्हातारी माणसे, शिकणारी पोरे, फ्रीजमधले इन्सुलिन आहे, त्याने हायब्रीडचा विचार करावा. किंवा बिलासाठी ऑन-ग्रिड आणि अडीनडीसाठी दोन प्लेटांचा वेगळा संच. मी हेच केले. दोन यंत्रे वेगळी, एक बिघडले तरी दुसरे चालते.

बॅटरीचा हिशेब मात्र स्वतः करा, दुकानदारावर सोडू नका. दीडशे ॲम्पियर-अवर, बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे गुणाकाराने १,८०० वॅट-अवर, पावणेदोन युनिटांहून थोडे जास्त. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरावी. म्हणजे हातात ९००. आता रात्रीचा खर्च. नऊ वॅटचे चार दिवे पाच तास, १८०. पंचाहत्तर वॅटचे दोन पंखे आठ तास, १,२००. झाली की बॅटरी आडवी! तेच पंखे तीस वॅटचे नव्या मोटारीचे घेतले तर १,२०० चे ४८० होतात. दिवे धरून ६६०. एका बॅटरीत रात्र निघते. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला. लिथियमच्या बॅटरीतून ऐंशी-नव्वद टक्के वीज काढता येते आणि ती जास्त वर्षे चालते. पण किंमत ऐकून बसायला खुर्ची लागते.

पंपाचे वेगळे. एक अश्वशक्तीचा पंप चालताना साडेसातशे वॅटहून जास्तच घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-सहा पट ओढतो. साध्या घरगुती इन्व्हर्टरला तो धक्का झेपत नाही. पंपासाठी मोठा इन्व्हर्टर घेण्यापेक्षा लाइन असताना टाकी भरून ठेवणे स्वस्त. इन्व्हर्टर कोणताही घ्या, प्युअर साइन वेव्हच घ्या. स्वस्तातल्या चौकोनी लाटेवर पंखे घुमतात आणि मोटारी तापतात.

अनुदानाबद्दल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यापुढे ७८ हजार मिळतात. हे लाइनला जोडलेल्या संचासाठी. बॅटरीला वेगळे काही नाही. त्यामुळे विकणारा तुम्हाला अनुदानाच्या मापाचे यंत्र दाखवणार, तुमच्या गरजेच्या मापाचे नाही. सरकारला छपरावर मेगावॅट मोजायचे आहेत. आपल्याला जूनच्या रात्री घरात दिवा हवा आहे. दोन्ही गोष्टी एक नव्हेत. पोफळीला १९६२ पासून कोयनेची वीज तयार होते, एन्रॉन आपल्याच गुहागर तालुक्यात आले आणि बुडाले. तरी वादळ आले की काळोखात कोण बसतो हे तुम्ही जाणताच.

कोकणापुरत्या दोन-तीन गोष्टी. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी कुठवर चढले ते आठवा, आणि खाडीकाठी इन्व्हर्टर-बॅटरी पडवीत जमिनीवर ठेवू नका. कातळात अर्थिंग धरत नाही. खड्डा खोल घ्या आणि मीटर लावून मोजून घ्या, नाहीतर पहिल्या वळिवाची वीज इन्व्हर्टरमध्येच शिरेल. किनाऱ्यावर खारा वारा साधे नटबोल्ट खातो, स्टेनलेसचे मागा. आणि पावसाळ्यात प्लेटा उन्हाळ्याच्या मानाने फारच कमी देतात, तेव्हा एप्रिलचे आकडे पाहून जुलैचा हिशेब मांडू नका.

शेवटचा हप्ता देण्याआधी एक करा. भर दुपारी, बसवणाऱ्या माणसासमोर, घराचा मेन स्विच पाडा. काय चालू राहते आणि काय बंद पडते ते डोळ्यांनी बघा. लाइन गेल्यावर काय चालेल हे मराठीत कागदावर लिहून सहीसकट घ्या.

मंडपाच्या मागे टेबल मांडले आहे. ज्यांनी बारा महिन्यांची बिले आणली आहेत त्यांनी जेवणानंतर तिथे यावे, एकेकाचा हिशेब करू. ज्यांनी आणली नाहीत त्यांनी निदान मीटर किती किलोवॅटला मंजूर आहे ते घरी फोन करून विचारून ठेवावे.