समकालीन चित्रकलेतील मनुष्याकृती

(कलाशिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चित्रप्रदर्शनात आलेला सामान्य प्रेक्षक एखाद्या चित्रापुढे थांबतो, क्षणभर पाहतो आणि शेजाऱ्याला हळूच विचारतो, 'हा माणूस असा का काढला आहे?' डोळे कपाळावर गेलेले, हात प्रमाणाबाहेर लांब, धड एकीकडे आणि पाय भलतीकडेच. असा प्रश्न म्हणजे अडाणीपणा, असे चित्रकलेतील जाणकार पुष्कळदा सुचवितात. मला तसे वाटत नाही. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे शक्यही आहे. मात्र एका चित्रातला हात लांब का आणि दुसऱ्यातले डोके लहान का, याची कारणे निरनिराळी असल्यामुळे एकच उत्तर सर्व चित्रांना लागू पडत नाही.

प्रथम 'प्रमाण' या शब्दाचा विचार करू. आपल्या शिल्पशास्त्रात मूर्तीचे माप तालमानाने घेतात. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल. देवादिकांच्या मूर्ती नवताल किंवा दशताल असतात, तर गणपतीची मूर्ती पंचताल सांगितली आहे. भाद्रपदात आपण घरोघरी जी मूर्ती बसवितो तिचे डोके मोठे, पोट मोठे आणि पाय आखूड असतात. तिच्यापुढे उभा राहून 'प्रमाण चुकले' असे कोणी म्हणत नाही, कारण ते तसे का आहे हे आपल्याला ठाऊक आहे. प्रमाण हे आशयाला धरून ठरते, ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली आहे. अपरिचित चित्रापुढे मात्र आपण ती विसरतो.

ती विसरण्यालाही कारण आहे. १८५७ साली मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा सुरू झाली आणि युरोपीय पद्धतीचे वास्तवदर्शी रेखाटन येथे रुजले. समोर माणूस बसवावा, छायाप्रकाश पाहावा, स्नायू व सांधे अभ्यासावेत आणि हुबेहूब उतरवावे, ही ती शिस्त. तिने महाराष्ट्राला उत्तम चित्रकार दिले. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर हे त्यांतील एक प्रमुख नाव. मुंबईच्या रस्त्यावरील नाना जातींची, नाना व्यवसायांची माणसे त्यांनी इतक्या जिव्हाळ्याने टिपली की, त्या काळचा पोशाख कसा होता हे पाहावयाचे तर आजही त्यांच्याच चित्रांकडे जावे लागते. दुसरीकडे राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून निघालेल्या तसबिरींनी देवदेवतांना मानवी देह दिला आणि तो खेड्यापाड्यांतील भिंतींवर पोचविला. अशा रीतीने दोनतीन पिढ्यांत 'चांगले चित्र म्हणजे हुबेहूब चित्र' हे समीकरण पक्के झाले.

ते मोडण्यास १९४७ हे वर्ष सोयीचे मानले जाते. त्या वर्षी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, कृष्णाजी हौळाजी आरा, मकबूल फिदा हुसेन, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे हे त्याचे सहा संस्थापक. सूझा गोव्यातील साळगावचे, गाडे अमरावती जिल्ह्यातील तळेगावचे. आरांनी तर मुंबईत घरकाम व मोटारी धुण्याचे काम करीत चित्रकला शिकली. यांच्यापैकी कोणालाही माणूस हुबेहूब काढता येत नव्हता म्हणून त्यांनी तो मोडला, असे समजणे चुकीचे होईल. सूझांच्या जाड, काळ्या रेषेत एक संताप आहे. ढोंगी प्रतिष्ठितांचे चेहरे काढताना ते डोळे कपाळावर नेतात, दात बाहेर काढतात. तेथे विरूपता हाच आरोप आहे. रझा पुढे निसर्गाकडे व बिंदूकडे वळले. याच वर्तुळात वावरलेले, नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे यांनी तर मनुष्याकृती पूर्णपणे सोडून दिली. म्हणजे मनुष्याकृती ही चित्राची सक्ती राहिली नाही. ती काढावयाची की नाही, हे आता चित्रकाराने ठरवावयाचे होते. आणि ज्यांनी ती काढली त्यांच्यावर 'का' याचे उत्तर देण्याची जबाबदारी आली.

समाजालाही हे सहज पचले नाही. १९५४ मध्ये जहांगीर कलादालनातील अकबर पदमसी यांच्या प्रेमी युगुलाच्या चित्रांवर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. न्यायालयाने चित्रकाराला निर्दोष ठरविले आणि उच्च न्यायालयातही तो निर्णय कायम राहिला.

तैयब मेहता यांच्याविषयी मात्र थोडे विस्ताराने बोलावयास हवे. १९४७ च्या दंगलीत मुंबईच्या महंमदअली मार्गावर, आपल्या खिडकीखाली, एका तरुणाला जमावाने ठार मारताना त्यांनी पाहिले. त्या वेळी ते बावीस वर्षांचे होते. हा प्रसंग त्यांनी कधीही प्रसंग म्हणून रंगविला नाही. जमाव, शस्त्रे, रक्त यांपैकी काहीच त्यांच्या चित्रांत तपशिलाने येत नाही. पण पुढे अनेक वर्षे त्यांच्या चित्रांतून एक माणूस कोसळत राहिला. त्याला आधार नाही, खाली जमीन नाही. हातपाय एकमेकांत अडकलेले, तोंड उघडे. दिल्लीच्या १९६८ च्या पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनात अशाच कोसळत्या मनुष्याच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. पुढे त्यांच्या चित्रांत एक तिरपी रेघ आली. ती चित्रफलकाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चिरीत जाते आणि देहाचेही दोन भाग करते. हात रेघेच्या एका बाजूला, चेहरा दुसऱ्या बाजूला. रंग मात्र सपाट, शांत, जवळजवळ सुंदरच. फाळणीने देश दुभंगला हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. येथे ते शरीराला भोगावे लागते. त्यांनी काढलेला रिक्षावालाही असाच आहे. हाताने ओढावयाच्या रिक्षाचे दांडे आणि त्याचे हातपाय अशा रीतीने एकरूप होतात की, गाडी कोठे संपते व माणूस कोठे सुरू होतो ते सांगता येऊ नये. हातांच्या लांबीचे कारण शोधणाऱ्याने या चित्रापुढे उभे राहावे. जन्मभर ओझे ओढणाऱ्याचे हात ओझ्याचा भाग होतात.

२००५ मध्ये त्यांचे महिषासुरावरील एक चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलरहून अधिक किमतीस विकले गेले. वर्तमानपत्रांनी त्यांची दखल ठळकपणे घेतली ती तेव्हा. किंमत कळल्यावर चित्र कळते असे मात्र नाही.

आता १९८१ कडे येऊ. त्या वर्षी मुंबईत व दिल्लीत 'प्लेस फॉर पीपल' या नावाचे प्रदर्शन भरले. भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि सुधीर पटवर्धन असे सहा चित्रकार त्यात होते. नावातच भूमिका होती: चित्रात माणसांना जागा हवी. अमूर्ताचा बोलबाला असताना त्यांनी ओळखू येतील अशी माणसे पुन्हा चित्रात आणली. व्यवसायाने हिशेबनीस असलेल्या खख्खर यांनी त्याआधीच घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी, न्हावी अशा माणसांना त्यांच्या दुकानांसह रंगविले होते. ज्यांचे चित्र काढावे असे कोणाच्याही मनात आले नसते, अशी ती माणसे.

या सहांपैकी सुधीर पटवर्धन आपल्याला सर्वांत जवळचे. जन्म १९४९ मध्ये पुण्यात, वैद्यकीय शिक्षणही पुण्यातच, आणि १९७५ पासून तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय. दिवसा माणसांची हाडे व फुफ्फुसे पाहावयाची आणि उरलेल्या वेळी तीच माणसे रंगवावयाची. या दोन कामांचा संबंध फार ताणू नये; पण दुखणे शरीरात नेमके कोठे बसते हे ज्याने रोज पाहिले त्याची नजर वेगळी होते, एवढे म्हणता येईल. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांतील माणसे श्रमिक आहेत. इराणी हॉटेलात बसलेला गिऱ्हाईक, लोकलच्या डब्यातील प्रवासी, रेल्वेच्या पुलावरून जाणारी माणसे. देह जड, खांदे रुंद, हातांचे पंजे मोठे, चेहरे थकलेले पण लाचार नव्हेत. सहानुभूतीने काढलेल्या गरिबाच्या चित्रात एक खोड हमखास असते: तो गरीब आपल्याकडे केविलवाणा पाहत राहतो. पटवर्धनांची माणसे आपल्याकडे पाहत नाहीत. ती आपल्या विचारात, आपल्या कामात असतात, आणि पाहणाऱ्यालाच वाटू लागते की आपण येथे उगाच उभे आहोत.

पुढील काळात त्यांच्या चित्रांतील माणूस लहान होत गेला आणि शहर मोठे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे राहिले नाही. २००१ मधील त्यांच्या 'लोअर परळ' या चित्रात ते बदलते गिरणगाव दिसते. ज्या देहाने एकेकाळी संपूर्ण फलक व्यापला होता, तो आता इमारतींच्या आणि गर्दीच्या दाटीत शोधावा लागतो. संपाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आकडे दिले. माणसाची उंची किती कमी झाली याची नोंद या फलकांवर आहे. २००८-०९ मध्ये याच चित्रकाराने समकालीन भारतीय चित्रांचे एक फिरते प्रदर्शन संयोजित करून विदर्भापासून कोल्हापूरपर्यंत महाराष्ट्रातील शहरांत नेले. चित्रे मुंबईतच अडकून पडतात ही आपली नेहमीची तक्रार. तिच्यावरचा हा उपाय एका चित्रकाराला सुचावा आणि शासकीय यंत्रणेला नित्याचा होऊ नये, याचे मला आश्चर्य वाटते.

श्रमिकाला जागा मिळाली, तरी सर्वांना मिळाली असे नाही. नागपूरचे सावी सावरकर यांच्या मुद्राचित्रांत व रंगचित्रांत गळ्यात मडके आणि मागे खराटा बांधलेला मनुष्य वारंवार येतो. रेषा राकट आहे, देह ओबडधोबड आहे. या आकृतीचे शरीरशास्त्र तपासणारा परीक्षक मला दयनीय वाटतो. शतकानुशतके ज्याची सावलीही टाळली गेली त्याचा देह सुबक काढला असता तर ते असत्य ठरले असते.

आतापर्यंत कलादालनातील चित्रांविषयी बोललो. येथील बहुतेकांचा कलादालनाशी क्वचितच संबंध येत असेल. परंतु मनुष्याकृतीशी ग्रामपंचायतीचा थेट संबंध येतो तो पुतळ्याच्या रूपाने. पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्या वेळी चेहरा जुळतो की नाही यावरच सारी चर्चा होते. उभे राहण्याची ढब, हातांचा भार, चौथऱ्याशी असलेले नाते याकडे कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून एकाच साच्यातून काढल्यासारखे पुतळे गावोगावी दिसतात.

या संदर्भात अलिबागजवळच्या सासवणे गावाचे उदाहरण द्यावेसे वाटते. विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म तेथे १८९१ मध्ये झाला. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र तेव्हाचे जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिले आणि मुलाला मुंबईच्या कलाशाळेत धाडण्याची व्यवस्था केली. एका अधिकाऱ्याने भिंतीवरच्या चित्रापुढे थोडा वेळ थांबावे, एवढ्यावर पुढचे सारे अवलंबून होते. पुण्यातील १९२८ चा शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा करमरकरांचाच. पण सासवण्याच्या त्यांच्या घरात जे शिल्पालय आहे तेथे महापुरुषांच्या बरोबरीने कोळीण आहे, गावची साधी माणसे आहेत, गुरेढोरे आहेत, आणि त्यांतील बरीचशी साध्या सिमेंटमध्ये केलेली आहेत. बंगालात शांतिनिकेतन येथे रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये उघड्यावर उभे केलेले संथाळ कुटुंबाचे शिल्पही सिमेंट व मुरमाच्या खड्यांचेच: कावड खांद्यावर घेतलेला पुरुष, स्त्री, मुले आणि बरोबर कुत्रा. कामाच्या शोधात निघालेले एक घर, पूर्णाकृतीहून मोठे. त्याला चौथरा जवळपास नाहीच; ते आपल्याबरोबर वाटेवरून चालल्यासारखे वाटते.

शेवटी शिक्षकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांच्या स्मरणचित्रात मुलांना माणसे काढावी लागतात. बाजार, बसथांबा, शेतातील काम असे विषय असतात. दरवर्षी मुले तीच माणसे काढतात: डोक्यावर पाटी घेतलेली बाई, पाठमोरा फेटेवाला, हात वर केलेला मुलगा. ती मार्गदर्शक पुस्तिकेतून पाठ केलेली असतात. ज्या मुलाची आई पहाटेपासून ऊसतोडीला जाते तोही पुस्तिकेतली बाईच काढतो. परीक्षेच्या आधी दोन महिने पुस्तिका बाजूला ठेवून पाहा. मोळी उचलताना माणूस आधी गुडघ्यात वाकतो की कमरेत, मोळी डोक्यावर आल्यावर मान कोणीकडे जाते, रिकाम्या हाताने परतताना चाल कशी बदलते, एवढे मुलांना घरी पाहून यावयास सांगा, आणि दुसऱ्या दिवशी पेन्सिलीने पाच मिनिटांत उतरवावयास लावा. पहिल्या आठवड्यात हात वाकडे येतील, पाय आखूड येतील. ते लगेच खोडरबराने पुसू देऊ नका. कोणता हात कशामुळे लांब झाला, हे आधी त्या मुलाला विचारा.