कपाटाची किल्ली
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझ्या भाचीची शाळा सुटली ती एस.टी.च्या संपात. कोरोनानंतर खेड्यांतले पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले, आणि महिना होतो न होतो तोच एस.टी. थांबली, ती पुढच्या एप्रिलपर्यंत. बहिणीच्या वस्तीपासून शाळेचं गाव सहा किलोमीटर. पोरं सायकलवर, कुणाच्या मोटारसायकलवर जात राहिली. पोरी घरी बसल्या. मुलींना एस.टी.चा पास फुकट असतो. पास होता, गाडीच नव्हती.

भाची तेव्हा आठवीत होती. त्याच हिवाळ्यात इकडं युसूफ वडगावला माझी आई अंगणात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. "पोरगी घरीच आहे, राहील नानीजवळ," असं बहीण म्हणाली आणि मी हो म्हणालो. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढं मी तिला पुस्तकं दिल्याचं सांगणार आहे आणि आपण मला उगीच मोठेपणा द्याल. गाड्या सुरू झाल्या तेव्हा आई अंथरुणातच होती. भाची परत गेली नाही. तिच्या शाळेपेक्षा माझी सोय मोठी ठरली, असं साध्या शब्दांत म्हणता येईल.

शाळेत न जाता दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरतात, हे बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतसुद्धा ठाऊक आहे. शहरांतून आता 'होमस्कूलिंग' हा शब्द ऐकू येतो. तिथं आईबाप विचार करून मुलांना घरी शिकवतात. आमच्याकडं विचार नंतर आला. आपल्याकडं घरी शिकलेल्या बायकांची परंपरा तशी जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना घरीच शिकवलं, आणि घरातल्याच बायकांनी त्यांना त्यापायी किती छळलं, ते रमाबाईंनी १९१० साली आलेल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. माझ्या घरात छळ नव्हता. पण रोज दुपारी तीन वाजेपर्यंत पोरीला पुस्तक हातात धरायला सवड नव्हती, हेही खरं.

माझं शिलाईचं दुकान आहे. अंबाजोगाईला मराठी घेऊन बी.ए. केलं, दोन कवितासंग्रह आहेत, आणि घरात पुस्तकांचं एक लोखंडी कपाट आहे. त्याला कुलूप असतं. ते उंदरांसाठी नाही. कवीकडून पुस्तक नेलं तर ते परत करायचं नसतं, अशी आमच्या भागात समजूत आहे! किल्ली माझ्या खिशात. पाठ्यपुस्तकं एकीकडं, आणि त्याशिवाय मी आठवड्याला एक पुस्तक काढून देणार, असं ठरलं. मीच ठरवलं.

पहिलं पुस्तक दिलं 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, वगैरे मी कौतुकानं सांगितलं. तिनं दहा-बारा पानं वाचली आणि पुस्तक परत आणून ठेवलं. "मामू, ये नको. अम्मी की याद आती." आईपासून लांब आलेल्या चौदा वर्षांच्या पोरीला मी पहिलंच पुस्तक आईचं दिलं होतं. माप घेताना मी अशी चूक कधी केली नसती.

मग दिली माडगूळकरांची 'बनगरवाडी'. ती दोन दिवसांत संपली. शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते, ते तिला वेगळं काही वाटलंच नाही. दसरा-दिवाळीनंतर कोयते घेऊन कारखान्याकडं निघालेली गावं ती लहानपणापासून बघत आली आहे. आयबूही आवडला. पण तिनं एक प्रश्न विचारला, "इसमें अपने लोगां का घर कां है?" आयबू भेटतो तो मास्तरांच्या शाळेत, वाडीच्या माणसांत. त्याच्यासारख्यांच्या घरात चूल कशी पेटते, ईदला काय होतं, भांडण कुठल्या बोलीत होतं, ते तिला वाचायचं होतं. मी म्हणालो, सापडेल. मला माहीत होतं, कपाटात होतं.

पण मी काढून दिलं ते 'स्मृतिचित्रे'. त्या पुस्तकानं आमच्या घरात मजा उडवून दिली. भाची मराठीतून मोठ्यानं वाचायची आणि नानीला आमच्या दखनीत सांगायची. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड ऐकून आई पोट धरून हसली. हसल्यानं खुबा दुखतो म्हणून रागवायची आणि पुढं वाचायला सांगायची. टिळक न सांगता घर सोडून जातात, तिथं तिनं माझ्याकडं बघून शेरा मारला, "शायर लोगां ऐसेच रैते." पण १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म घेतला आणि लक्ष्मीबाई मागं राहिल्या, तिथं ती गप्प झाली. थोड्या वेळानं तिनं एवढंच विचारलं, "फिर वो औरत कां रई?" भाचीनं पान उलटून शोधायला सुरुवात केली. नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या बाईनं १९३० च्या दशकात लिहिलेलं हे पुस्तक निरक्षर म्हातारीला आपलं वाटलं. मी बी.ए.ला ते परीक्षेपुरतं वाचलं होतं.

दोन पुस्तकं मात्र मी वरच्या फळीवर, जुन्या दिवाळी अंकांच्या मागं सरकवून ठेवली होती. एक हमीद दलवाईंची 'इंधन', १९६५ ची कादंबरी. दुसरं मेहरुन्निसा दलवाईंचं आत्मकथन, 'मी भरून पावले आहे'. तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध १९६६ साली दलवाईंनी मुंबईत सात बायकांचा मोर्चा काढला, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. त्या नावावरून आजही आमच्या बैठकीत दोन तट पडतात. शिवाय 'इंधन'मध्ये गाव पेटतं. पोरगी परक्या घरी आहे, वय कोवळं आहे, अशी कारणं मी स्वतःला देत होतो. कारणं चांगली दिसत होती.

त्यानंतर ॲन फ्रँकची रोजनिशी दिली. तीही एका अर्थानं शाळा सुटलेलीच पोर. ॲमस्टरडॅममध्ये नाझींपासून लपून, १९४२ ते १९४४, घरातच अभ्यास करणारी. एका दुपारी भाची दुकानात आली, काजं-बटणं करायला बसली आणि सहज म्हणाली, "मामू, वो पीटर का किस्सा पढ़े क्या?" मला आठवत नव्हता. तिनं सांगितला. लपलेल्या घरात एक पुस्तक मोठ्यांनी मुलांपासून दूर ठेवलेलं असतं, पीटर ते लपून वाचायला नेतो आणि बापाच्या हाती सापडतो. केवढा गोंधळ होतो! आणि ॲनचे वडील तर तिच्यासाठी स्वतः गटे, शिलर निवडून रोज संध्याकाळी वाचून दाखवायचं ठरवतात. "तुम्हारे जैसे," ती म्हणाली. मान खाली, सुई चालू.

मला समजायला जरा वेळ लागला. किल्ली मी आंघोळीच्या वेळी खुंटीवरच्या सदऱ्यात ठेवतो. 'इंधन' तिनं महिन्यापूर्वीच वाचून झालं होतं.

रागवायला तोंड उघडलं, पण तिनंच आधी विचारलं, "छुपाई कायको? मेरे डर से, या लोगां के?" मी मशीन थांबवली. लोकांच्या, असं उत्तर दिलं. दुसरं खरं उत्तर नव्हतं. मुंबईहून वर्षांनी कोकणातल्या गावी परतलेला तो माणूस, पेटणारं गाव, यानं ती हादरली असेल असं मला वाटलं होतं. हादरली होतीही. त्या रात्री नानीच्या खाटेला खाट लावून झोपले, म्हणाली. पण तिला जास्त नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटलं होतं. "उसमें अपने लोगां हैं, पर अपने जैसे नहीं." कोकणी मुसलमानांचं घर, त्यांचं बोलणं, त्यांच्या जमिनी. मुसलमान म्हणजे आपल्यासारखेच सगळे, असं तिला तोवर वाटत होतं. दंग्याबद्दल आम्ही त्यानंतर तीन-चार दिवस बोललो. तिनं ते एकटीनं वाचायला नको होतं, असं मला अजूनही वाटतं. सोबत वाचलं असतं तर बरं झालं असतं. ते मी होऊ दिलं नाही. मेहरुन्निसाबाईंचं पुस्तक त्याच संध्याकाळी मी हातानं काढून दिलं. किल्लीही दिली.

२०२३ च्या उन्हाळ्यात तिला स्थळ आलं. पोरगी पंधरा वर्षांची. आपल्या जिल्ह्यात हे कसं घडतं ते मी सांगायला नको, कायदाही सगळ्यांना पाठ आहे. दुल्हेभाई बोलायला आले, माझ्या पुस्तकांना दोष देऊन झाला, मी कायदा सांगितला, आवाज चढले. आई खाटेवरून म्हणाली, "पैले वो सतरा नंबर का होने दो." तिला तो फॉर्म म्हणजे काय हे नीट माहीत नव्हतं. पण विषय तिथंच थांबला, आणि नंतर पुन्हा निघाला तेव्हा ते स्थळ दुसरीकडं ठरलेलं होतं. मार्च २०२४ मध्ये तिनं परीक्षा दिली. मराठीत चांगले गुण, गणितात काठावर. आता ती अंबाजोगाईला शिकते.

आई त्याच वर्षीच्या हिवाळ्यात गेली. तिच्या खाटेखालची पेटी उघडली तर वडिलांची उर्दू पुस्तकं निघाली. १९४८ च्या आधीचं, निजामाच्या राज्यातलं त्यांचं शिक्षण. ते उर्दूतून झालं. माझं जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठीतून. कुरआनची अरबी अक्षरं मी वाचतो, पण उर्दूच्या ओळीत ठेचाळतो, आणि पन्नाशी उलटेपर्यंत ते कुणाला सांगितलंही नव्हतं. भाचीनं एक कायदा, म्हणजे बाराखडीचं पुस्तक आणलं आणि सुट्टीत बसून अक्षरं पक्की केली.

आता रविवारी ती आली की दुकानात मला वाचून दाखवते. काय वाचायचं ते तीच ठरवते. सध्या प्रेमचंदांच्या गोष्टी चालू आहेत. गेल्या रविवारी एका शब्दापाशी अडली, मला अर्थ विचारला. मलाही येत नव्हता. तिनं त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि कागदाचा चिटोरा घालून पुस्तक मिटलं. अंबाजोगाईला उर्दू शाळेतल्या एका मास्तरांना विचारून येते म्हणाली.